नावाच्या जागी खोकला

५ मार्च २०२५, राखेचा बुधवार
आजपासून नवी डायरी. जुनीत पानं शिल्लक आहेत, पण तिच्यात मी अजून पोपला मानत होतो. त्यामुळे ती बाद.

उपासाच्या चाळीस दिवसांचे संकल्प: मांसाहार बंद. यूट्यूबवर प्रोटेस्टंटांशी वाद बंद. रोज एक पान लॅटिन. आणि माझ्या बायकोसाठी, रेणुकासाठी, वैध फादर शोधणे. हे शेवटचं सगळ्यात आधी करायचं.

डॉक्टरांनी गेल्या आठवड्यात केमो थांबवली. घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला, म्हणाले. रेणुकाने गाडीतच विचारलं, अवो, फादर सत्यमला बोलवू या का, तेल लावायला? आजाऱ्याच्या कपाळाला आणि तळहातांना फादर पवित्र तेल लावतात, त्या संस्काराबद्दल बोलत होती. मी म्हणालो, जरूर, पण वैध फादर आणू. ती म्हणाली, का, हे काय डुप्लिकेट हायेत का?

तिला मूळ मुद्दा एकदा नीट समजावला पाहिजे.

६ मार्च
मूळ मुद्दा समजावला. तळेगावच्या कंपनीत मी बावीस वर्षं क्वालिटीत काढली. मास्टर गेज, म्हणजे सगळी मापं ज्यावरून ताडतात तो नमुना, चुकीचा निघाला की त्याने मोजलेला प्रत्येक पार्ट होल्डवर, म्हणजे बाजूला काढून ठेवायचा, मग तो दिसायला कितीही गुळगुळीत असो. १९५८ नंतर रोममध्ये जे जे बसले त्यांतला एकही खरा पोप नाही. त्यांनी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, बदलली, लॅटिन काढलं, फादर घडवण्याचा विधीसुद्धा बदलला. म्हणजे पोपचं आसन, ते पीठ, रिकामं आणि मास्टर गेज गेला. त्यांनी नेमलेले बिशप होल्डवर. त्या बिशपांनी घडवलेले फादर होल्डवर. आमच्या चर्चचा फादर सत्यम, वय चौतीस, मूळचा श्रीरामपूरचा, गिटार वाजवतो, स्वभाव चांगला. होल्डवर.

रेणुकाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, आन आपला बाप्तिस्मा? तो दिला ते फादरबी त्यातलंच की.

बाप्तिस्म्याला सूट आहे, कोणीही दिला तरी चालतो, असं सांगितलं. ती म्हणाली, बरंय, म्हंजी आत यायला दार उघडं, आन जेवाय बसलं की ताट न्हाई.

आजारात माणूस चिडचिडं होतं.

१६ मार्च, रविवार
ड्राय बाल्कनीतलं प्रार्थनास्थळ पूर्ण. वॉशिंग मशीनवर प्लायवूड, त्यावर पांढरी चादर, मध्ये क्रूस. मावळ तालुक्यातलं हे बहुधा एकमेव वैध प्रार्थनास्थळ. घोरावाडी स्टेशनवरून लोकल गेली की क्रूस किंचित हलतो, त्याखाली रबर लावायचं आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींनी बेल वाजवून विचारलं, धूर कसला? डासांचा म्हणालो. धर्मासाठी छळ सोसावा लागतो.

रेणुका खुर्चीत बसून उत्तरं देते. मी लॅटिनमध्ये म्हणतो, प्रभू तुमच्याबरोबर असो. ती म्हणते, एत कुम स्पिरितू तुओ. उच्चार मावळी, पण चालवून घेतो. नंतर म्हणाली, भाषा लय गोड हाय, पन देवाला मराठी न्हाई का येत?

दुपारी टाकव्याहून भिमाजीभाऊ आला. माझा थोरला भाऊ. आम्ही बाप्तिस्मा घेतल्यापासून सात वर्षं पायरी चढला नव्हता. रेणुकासाठी इंद्रायणी तांदूळ आणि गावरान अंडी घेऊन आलेला. बाल्कनीकडे बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, आदी देव सोडला, मंग चर्च सोडलं. आता आनि काय सोडायचं ऱ्हायलंय तुजं, सुहास?

भाऊला परंपरा कळत नाही. अंडी मात्र चांगली होती.

२३ मार्च
रेणुकाने आज परत विचारलं. रोज विचारते, जेवणानंतर, औषध विचारावं तसं. मग, बोलवायचं का फादरला?

शोध चालू आहे, म्हणालो. आणि तो आहेच. माझ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भारतातले सगळे कट्टर आहेत. आम्ही दोघे. दुसरे नागरकोविलचे. परवा त्यांनी लिहिलं, १९५८ नाही, गडबड १९५५ पासूनच आहे. मी विरोध नोंदवला. ते ग्रुप सोडून गेले. संध्याकाळी परत आले.

रेणुकाला चर्चची एवढी ओढ का, हे मला कळतं. माझ्यामागून ती ख्रिस्ती झाली. जर्मनीला मशीन पास करायला गेलो होतो, तिथे एका चर्चमध्ये लॅटिन गाणं ऐकलं आणि माझं ठरलं. तिला म्हणालो, तुझं तू बघ. ती म्हणाली, तुमी जिकडं तिकडं मी. बाप्तिस्म्याचं नाव वेरोनिका घेतलं, रेणुकाच्या जवळचं, कोणी हाक मारली तर वळून बघता येईल म्हणून. माहेरच्यांनी भाऊबीजेला बोलावणं बंद केलं. मग तिने चर्चच माहेर करून टाकलं. सणासुदीला क्वायरमध्ये दुसऱ्या रांगेत उभी राहायची, निळी साडी नेसून. गोव्याच्या बायकांना पुरणपोळी शिकवली. गेल्या ऑगस्टपासून आम्ही तिथे जाणं थांबवलं. आम्ही म्हणजे मी ठरवलं. निळी साडी तिने घडी करून कपाटात वर ठेवली. एक शब्द बोलली नाही. पटलं असावं.

तोवर मी जात होतो, पण निषेध नोंदवून. मिस्सेच्या मध्यावर फादर पोपचं नाव घेतात, मग बिशपचं, मग मेलेल्यांसाठी प्रार्थना. खोट्या पोपचं नाव ऐकणं म्हणजे त्यात सामील होणं. म्हणून मी बरोबर त्या जागी खोकायचो. मोठ्याने. बिशपपर्यंत आवरता घ्यायचो, टायमिंग परफेक्ट. एरवीच्या रविवारी रेणुका डावीकडे बसायची, ती लगेच पर्समधून खडीसाखरेचा खडा काढून माझ्या तळहातावर ठेवायची. एकदा तर छातीचा एक्स-रे काढायला लावला. रिपोर्ट नॉर्मल. बिचारीला वाटायचं खरंच घसा धरतो.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे
जुन्या विधीप्रमाणे सगळं बाल्कनीत केलं. तीन तास. रेणुका अर्ध्या तासाने आडवी झाली. चैताली, आमची मुलगी, चिंचवडहून आईजवळ राहायला आलीय. आमच्या धर्मात ती पडत नाही. दारात उभी राहून म्हणाली, बाबा, आईला उन्हात का बसवलंय? म्हणालो, ती स्वतःहून बसलीय. चैताली म्हणाली, आई सगळीकडे स्वतःहूनच बसते.

लग्न झाल्यापासून मुलगी बोलायला फटकळ झालीय.

२१ एप्रिल, ईस्टरचा सोमवार
दुपारी बातमी. रोममधले ते वारले.

माणूस म्हणून वाईट वाटलं. प्रार्थना केली. मग लक्षात आलं: आजपासून पीठ अधिकृतपणे रिकामं. चर्चही तेच म्हणतंय, टीव्हीही तेच म्हणतोय. आज सगळं जग माझ्या मताचं आहे. नागरकोविलला फोन केला. दोघांनी एकमेकांचं अभिनंदन केलं.

२७ एप्रिल, रविवार
महत्त्वाचा दिवस. चैतालीने आपल्या चर्चची मिस्सा मोबाइलवर लावली, आईसाठी. मी लांब बसून पाहत होतो, निरीक्षक म्हणून. नावाची जागा आली. मी श्वास भरून घेतला. फादर सत्यमने नावच घेतलं नाही! पोप नसताना घेत नाहीत. सरळ बिशपवर गेले. भरलेला श्वास मला तसाच सोडावा लागला.

रेणुका उशीवरून माझ्याकडे बघत होती. म्हणाली, आज साखर वाचली.

याचा अर्थ काय ते कळलं नाही. हसत मात्र होती. कितीतरी दिवसांनी.

नंतर म्हणाली, अवो, आता तर नाव घेतच न्हाईत. आता तरी बोलवायचं का फादरला?

तिचा मुद्दा तर्काला धरून आहे हे मान्य करावं लागलं. नावाचा आक्षेप सध्यापुरता स्थगित. राहिला फक्त फादर स्वतः वैध असण्याचा प्रश्न. १९६८च्या आधी, जुन्या विधीने घडलेला फादर मिळाला की झालं. असा माणूस आज ऐंशीच्या पुढचा असणार. शोधतो, म्हणालो. लगेच शोधतो.

२९ एप्रिल
सापडला! लोणावळ्यात म्हाताऱ्या फादरांचं घर आहे, तिथे. फादर ज्योकिम, वसईकडचे, वय अठ्ठ्याऐंशी, दीक्षा १९६४, संपूर्ण लॅटिन. सकाळच्या लोकलने गेलो. बागेत बसून चिक्की चघळत होते. दात नाहीत, म्हणाले, पण गावाला नाराज कशाला करायचं?

मी नम्रपणे त्यांची पडताळणी घेतली. दीक्षेच्या वेळी बिशपांनी कोणते शब्द उच्चारले? त्यांनी सगळे म्हणून दाखवले, न अडखळता. मग म्हणाले, बाबा, तू पोलिसात आहेस की इन्कम टॅक्समध्ये?

रेणुकाबद्दल सांगितलं. ते उठूनच उभे राहिले. म्हणाले, गाडी आहे, ड्रायव्हर आहे, तेल माझ्या खिशात असतं. चल, आत्ता जाऊ.

आत्ता शक्य नव्हतं. घरी पूर्ण लॅटिन मिस्सा आणि मग तेल, अशी योजना आहे. शुद्ध मेणाच्या मेणबत्त्या नाहीत. वॉशिंग मशीनची उंची कमी पडते, खाली विटा लावायच्या आहेत. क्रूस हलतो. हे सगळं त्यांना सांगितलं. ते परत खाली बसले. म्हणाले, आजारी कोण आहे रे, बायको की बाल्कनी?

वयामुळे त्यांना कार्यक्रमाचं गांभीर्य कळलं नाही. शेवटी शुक्रवार, ९ मे, सकाळी दहा, असं ठरलं. मेणबत्त्या ऑनलाइन मागवल्या.

घरी आलो तर रेणुका शांत झोपलेली. कपाळ चमकत होतं. उकाडा फार आहे. मोरीत चहाचे तीन कप पडले होते. चैतालीला म्हणालो, चहा कमी कर.

संध्याकाळी जाग आल्यावर रेणुकाने विचारलंच, मग, बोलवायचं का फादरला? आनंदाची बातमी दिली. नऊ तारीख. तिने बोटांवर काहीतरी मोजलं. म्हणाली, तुमी बसाल न्हवं माज्याजवळ? म्हणालो, मी कसा बसणार, मला उत्तरं द्यायची आहेत, घंटा वाजवायची आहे, धूप बघायचा आहे.

बरं, म्हणाली.

४ मे, रविवार
विटा लागल्या. मशीन आता योग्य उंचीवर, फक्त कपडे धुता येत नाहीत. चैताली बादलीत धुते आणि बादली मुद्दाम आपटते.

रेणुकाला पेज जात नाही. दोन चमचे घेतले. म्हणाली, नऊ तारीख लांब हाय का वो? पाच दिवस, म्हणालो. मेणबत्त्या भिवंडीपर्यंत आल्यात.

८ मे, गुरुवार, रात्री
मेणबत्त्या आल्या. वास अप्रतिम. सगळं तयार.

आणि रोममध्ये नवा पोप निवडल्याचा पांढरा धूर निघाला. इथे एकाही मराठी चॅनेलवर दाखवला नाही, सगळीकडे सीमेवरच्या बातम्या. नागरकोविलने मोबाइलवर कळवलं. नवा माणूस सज्ज्यात येऊन हात हलवून गेलासुद्धा. एक दिवस! एकच दिवस थांबायला काय झालं होतं त्यांना?

फादर ज्योकिमना ताबडतोब फोन केला. विचारलं, उद्याच्या मिस्सेत तुम्ही त्याचं नाव घेणार का? म्हणाले, घेणार की, पोप आहे तो. मग मिस्सा रद्द, म्हणालो. ते म्हणाले, राहू दे मिस्सा, मी नुसता तेल लावायला येतो. तेल लावताना पोपचं नाव येतच नाही. मी म्हणालो, तोंडात नसेल, मनात असेल.

 मग म्हणाले, मनात तुझ्या बायकोचं नाव असेल रे.

वाद घालण्यात अर्थ नव्हता. उद्याचा कार्यक्रम होल्डवर ठेवला आहे. रद्द नाही. होल्डवर.

९ मे
रेणुकाने सकाळी चैतालीकडून वेणी घालून घेतली. दहा वाजता दाराकडे बघत होती. आज फादर येणार नाहीत हे सांगितलं. वेणी सोडू का, असं चैतालीने विचारलं. राहू दे, म्हणाली.

११ मे, रविवार
निराश व्हायचं कारण नाही. नागरकोविलने उत्तम बातमी दिलीय. मेक्सिकोत एक बिशप आहेत, शंभर टक्के वैध, कोणत्याच पोपला मानत नाहीत. ते डिसेंबरमध्ये भारतात येणार आहेत. तळेगावला येतील का विचारलंय. हवामान चांगलं असतं म्हणून कळवलंय.

रेणुकाला सांगितलं, डिसेंबर पक्का. तिने डोळे मिटूनच मान हलवली. मग म्हणाली, तवा थंडी आसंल. तुमचा स्वेटर माळ्यावर हाय, निळ्या ब्यागत.

१२ मे
आज जेवणानंतर तिने फादरचं विचारलं नाही. पहिल्यांदाच. मुद्दा पटला असावा.

१३ मे, मंगळवार
पहाटे श्वास बदलला. मी बाल्कनीत जाऊन प्रार्थनेचं पुस्तक शोधलं. मरणाऱ्यासाठीच्या प्रार्थना लॅटिनमध्ये आहेत, त्या कोणीही म्हणू शकतो, सूट आहे. पान सापडेना. सापडलं तेव्हा चष्मा सापडेना. आत आलो तर चैताली तिचा हात धरून बसलेली. चैतालीला कुठलीच प्रार्थना येत नाही. ती नुसतं आई, आई म्हणत होती.

फादर सत्यमला फोन लावायला घेतला. त्याचा नंबर मी ब्लॉक केलेला. अनब्लॉक कसं करतात ते कळेना. चैतालीने तिच्या फोनवरून लावला. तिच्याकडे नंबर होता.

रेणुका गेली.

१४ मे
भिमाजीभाऊ टाकव्याहून माणसं घेऊन आला. वाटलं नव्हतं येईल. दारातच विचारलं, माती कुटं द्यायची? चर्चच्या दफनभूमीत, म्हणालो. म्हणाला, तुज्या हिशेबानं ती खरी हाय न्हवं? नसंल तर आपल्या रानात जागा हाय, वयनीला कोन न्हाई म्हनत न्हाई. आणि रडायला लागला. सत्तर वर्षांचा माणूस.

निळी साडी चैतालीने नेसवली. क्वायरच्या बायका आल्या, गायल्या. सगळ्यांना तिच्याबद्दल काहीतरी सांगायचं होतं. ज्या गोष्टी सांगत होत्या त्या मला नव्या होत्या.

मिस्सेच्या वेळी मी बाहेर थांबलो. नव्याचं नाव येणार होतं. शिवाय गाडीपाशी कोणीतरी थांबायला हवं होतं. गाडीपाशी आणखी चार माणसं होती.

माती दिल्यावर फादर सत्यम जवळ आला. हात धरला, मी सोडवून घेतला नाही. म्हणाला, काका, काळजी करू नका, त्यांना तेल मिळालं होतं. तुम्ही लोणावळ्याला गेला होता त्या दिवशी चैतालीने बोलावलं होतं. चहा घेऊन गेलो मी.

तीन कप.

मी विचारलं, मग त्यानंतर ती मला रोज का विचारत होती, फादरला बोलवायचं का म्हणून?

तो खाली बघत होता. म्हणाला, त्या म्हणाल्या, हे माझ्यापुरतं झालं. ह्यांना सांगू नका. ह्यांनी आपणहून बोलवलं, असं एकदा व्हायला पायजे. मग ते जवळ बसतील.

१५ मे
काही नाही.

१९ मे
बाल्कनीतल्या विटा काढल्या. मशीन जागेवर. लोकल गेली, क्रूस हलला नाही. रबर आधीच लावायला हवं होतं. नागरकोविलचा मेसेज: मेक्सिकोचे बिशप तळेगावला यायला तयार आहेत. वाचलं. उत्तर दिलं नाही.

संकल्प: लॅटिन रोज एक पान, पुन्हा सुरू. सोमवारपासून. आज सोमवार आहे. पुढच्या.

१३ जून, शुक्रवार
तिची महिन्याची मिस्सा. चैतालीने येणार का असं विचारलं नाही, नुसती गाडी खाली उभी करून हॉर्न दिला.

जाताना ठरवून गेलो: आत बसायचं आणि खोकायचं नाही. नाव आलं तर मनातल्या मनात आक्षेप नोंदवायचा, पुरे. रेणुकाच्या मिस्सेत आवाज नको.

नेहमीच्या बाकावर बसलो. डावीकडची जागा सोडून चैताली पलीकडे बसली. कोणी सांगितलं नव्हतं तिला.

नावाची जागा आली. तोंड घट्ट मिटून बसलो. फादर सत्यमने नव्या पोपचं नाव घेतलं आणि खोकला आपोआप आला. माझा मी नाही खोकलो, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. आला. आणि हात सवयीने डावीकडे गेला, तळवा वर करून. तसाच राहिला. चैतालीने त्याच्याकडे पाहिलं. काय हवंय ते तिला कळलं नाही. तिला कधी कोणी सांगितलेलंच नाही.

बिशपपर्यंत आवरता येतो नेहमी. आज आवरेना. डोळ्यांतून पाणी आलं, खोकल्याचं. मागच्या बाकावरच्या बाईंनी बाटली पुढे केली. थांबला तेव्हा सगळे गुडघ्यांवर होते आणि प्रार्थना कुठल्या कुठे पुढे गेली होती.

बाहेर आल्यावर चैतालीला विचारलं, मेलेल्यांच्या प्रार्थनेत आईचं नाव घेतलं ना? रेणुका म्हणाले की वेरोनिका?

ती गाडीचं दार उघडत होती. म्हणाली, घेतलं असेल, बाबा. पोपनंतर लगेच तेच होतं. तुम्ही खोकत होता. मलाही ऐकू आलं नाही.